दोऱ्याच्या आत काय दडलंय?

घरात मोडका पंखा, जुनी छत्री पडलीय? ज्युडिथ स्कॉटच्या हाती लागती, तर तिचं शिल्प झालं असतं! १९४३ साली अमेरिकेत जन्मलेल्या ज्युडिथला डाउन सिंड्रोम होता. तिला ऐकू येत नाही, हे वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पस्तीस वर्षं संस्थांमध्ये गेली. मग जुळ्या बहिणीने, जॉइसने, तिला बाहेर आणलं. १९८७ पासून ती ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ आर्ट सेंटरमध्ये जायला लागली. आधी कशातच मन रमेना. मग दोरे सापडले! मिळेल ती टाकाऊ वस्तू घ्यायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत लोकर, चिंध्या गुंडाळायच्या. २००५ मध्ये ती गेली. २०१४ मध्ये ब्रुकलिन म्युझियममध्ये तिचं प्रदर्शन लागलं. तेव्हा बॉस, ‘भंगार’ म्हणण्याआधी दोनदा बघा. आणि ‘हिला काही जमणार नाही’ म्हणण्याआधी दहादा!