कुंडलिकेकाठी नद्यांना बोलू द्या

श्रावणात रोह्याच्या पुलावर उभे राहून ज्याने दुथडी भरलेली कुंडलिका पाहिली आहे, त्याला ऋग्वेदातले एक सूक्त समजावून सांगावे लागत नाही. विश्वामित्र भरत कुळाच्या गाड्या घेऊन काठावर येतो. समोर विपाशा आणि शुतुद्री, म्हणजे आजच्या बियास आणि सतलज, फुगून वाहताहेत. जरा थांबा, वाट द्या, असे तो विनवतो. नद्या आधी तोऱ्यात: आम्ही इंद्राने आखलेल्या वाटेने निघालोय, थांबू कशाला? मग त्याच्या शब्दांनी विरघळतात आणि गाड्यांच्या आसांखाली पाणी उतरवतात. तिसऱ्या मंडलातले हे तेहतिसावे सूक्त, अवघ्या १३ ऋचांचे. पात्रे आहेत, पेच आहे, मन वळणे आहे. नाटकाला आणखी काय लागते?

अशी संवादसूक्ते ऋग्वेदात आणखीही आहेत: यम-यमी, अगस्त्य-लोपामुद्रा, सरमा आणि पणी. पुरूरवा-उर्वशीच्या १८ ऋचांतली ताटातूट पुढे कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’ची कथा झाली. असे सूक्त यज्ञात सोंग घेऊन म्हटले जात असावे, हा तर्क माक्स म्युलरने १८६९ मध्ये मांडला. लेव्ही, श्रोडर यांनी तो पुढे नेला, कीथने खोडून काढला. पंडितांचा वाद मिटलेला नाही. भरताच्या नाट्यशास्त्राने मात्र नाते केव्हाच सांगून ठेवले आहे: पाठ्य ऋग्वेदातून, गीत सामवेदातून, अभिनय यजुर्वेदातून, रस अथर्ववेदातून.

हे नाते पाहायला ग्रंथालयात जायला नको. उत्सवाच्या रात्री देवळात मंत्रपुष्पानंतर अष्टावधान सेवा होते. देवापुढे एकेक वेद रुजू होतो, मग शास्त्र, पुराण, गायन, वादन, नर्तन. वेदापासून नाचापर्यंतची सगळी वाट काही मिनिटांत डोळ्यांपुढून जाते. कोकणातले लळीत याच अंगणात वाढले आणि मराठी रंगभूमीच्या पूर्वजांत त्याची गणना होते.

पेण-रोह्याला तर हे धन घरचेच आहे. पेणहून निघालेली गणेशमूर्ती कुठेही बसो, तिच्या पूजेत गणपतीला बोलावणारा जो मंत्र हमखास कानावर येतो, तो ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलातला, गृत्समदाच्या नावावरचा. शेजारच्या खालापूर तालुक्यात महडच्या वरदविनायकाची स्थापना याच गृत्समदाने केली, अशी परंपरागत कथा आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मलेल्या विनोबांनी ऋग्वेदातले मंत्र निवडून ‘ऋग्वेदसार’ सिद्ध केला. रोह्यात १९२० मध्ये स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच रोह्याचे, आणि त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणले.

आता त्याच गावांतल्या घरांकडे पाहा. ज्यांना वेद सस्वर पाठ आहे ती माणसे थकली, मुले मुंबई-पुण्याला गेली. पूजा मोबाइलमधल्या आवाजावर उरकते. माळ्यावरच्या पेटीत पोथ्या आहेत, आणि आपल्या दमट हवेत वाळवीला निमंत्रण द्यावे लागत नाही. छापील संहिता मिळते हे खरे. तिच्यात अनुदात्ताखाली आडवी रेघ असते, स्वरितावर उभी. रेघ दिसते, पण तो सूर किती खाली न्यायचा हे गुरूच्या गळ्यातूनच कळते. युनेस्कोने २००३ मध्ये वेदपठणाच्या परंपरेचा गौरव केला. त्या मानपत्राने आपल्या आळीतल्या आजोबांचा आवाज जपला जाणार नाही. तो आपणच जपायचा आहे.

म्हणून तीन कामे हाती घेऊ या.

पहिले, या गणपतीत गावी आलात की जाणत्यांसमोर बसा आणि ध्वनिमुद्रण करा. नुसती पूजा नको. पद, क्रम, जटा, घन हे पाठ शिकवताना ते कसे थांबतात, चुकलेला स्वर कसा सुधारतात, तेही टिपा.

दुसरे, पोथी सापडली तर तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात वाळवू नका. मऊ कुंच्याने धूळ झाडा, प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या, सुती कापडात बांधा. सांभाळणे जमत नसेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेसारख्या जागी विचारा. रद्दीत देऊ नका, नदीत सोडू नका.

तिसरे, गणेशोत्सवातली एक संध्याकाळ संवादसूक्ताला द्या. आधी जाणत्याने मूळ स्वरात म्हणावे, मग शाळेतल्या मुलामुलींनी मराठीत सादर करावे. यात मुलींना दुय्यम काम मिळणार नाही: यमी, उर्वशी, लोपामुद्रा, सरमा आणि त्या दोन नद्या, ठसकेबाज बोलणे बायकांच्याच तोंडी आहे.

वेद रंगमंचावर कसे, असे कुणी म्हणेल. हे तर भटांचे, आमचे काय त्यात, असे दुसरा म्हणेल. दोघांना उत्तर नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात आहे: ज्यांना वेद ऐकू दिला जात नाही त्यांच्यासकट सर्व वर्णांसाठी ब्रह्मदेवाने नाट्य हा पाचवा वेद केला. तेव्हा कोळीवाड्यातली मुलगी नदी होऊन बोलली, तर तो शास्त्राचाच मान आहे.

त्या सूक्तात नद्या वाट देण्याआधी कवीला एक गोष्ट बजावतात: आपले हे बोलणे विसरू नकोस, पुढच्या युगांना ते ऐकू जायचे आहे. ती पुढची युगे म्हणजे आपणच. ऐकायचे राहून गेले, तर दोष नद्यांचा नसेल.