घट्ट झालेली रंगाची बाटली

उसाचा हंगाम सुरू झाला की निपाणी-संकेश्वरच्या वाटेने जाणाऱ्या वाहनांच्या अंगावर ओरखडे उमटू लागतात. ट्रॉलीबाहेर डोकावणाऱ्या उसाच्या कांड्या केए 23 पाहत नाहीत की एमएच 09. हिवाळ्यात असा ओरखडा किरकोळ भासतो. परंतु उघडा पडलेला पत्रा तसाच पावसाळ्यात गेला, तर गंज रंगाखालून सरकत जातो आणि वर फोड दिसेपर्यंत आतला पत्रा पोखरलेला असतो. म्हणून हे काम कोरड्या दिवसांतच उरकावे, असे आम्ही सुचवितो.

अशा वेळी फडताळातील रंगाची जुनी बाटली आठवते, आणि ती उघडावी तर आत रंग काकवीसारखा घट्ट! नवी आणावी हे खरे. पण गाडी जुनी असेल तर तो रंग मिळेलच असे नाही. बजाजने 1972 साली आणलेल्या चेतकचे पेट्रोलवरील रूप आता निघत नाही, तरी कित्येक घरांत वडिलांची चेतक जिवापाड जपलेली आहे. तेथे ती बाटली टाकून देणे जिवावर येते.

टाकण्यापूर्वी रंग कशाने घट्ट झाला, ते पाहावे. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून ‘डुको’ हा शब्द आहे. तो अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने 1923 साली काढलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाच्या नावावरून आला. त्यापूर्वी मोटारीचा रंग सुकण्यास आठवडे लागत. हा काही तासांत सुके, कारण त्यातील द्रव नुसता उडून जातो. उडालेला द्रव परत घातला की रंग पुन्हा पातळ होतो. (आमच्या भगिनींचे नेलपॉलिश याच कुळीतले, हे सांगितले तर घरात कोणी हसू नये.) एनॅमलची गोष्ट निराळी. तो हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होतो. त्यावर धरलेली साय पुन्हा विरघळत नाही. हार्डनर मिसळलेला रंग तर एकदा गोठला की गोठलाच.

परीक्षा सोपी आहे. काचेच्या तुकड्यावर रंगाचा थेंब घ्यावा, त्यावर रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या एनसी थिनरचा थेंब सोडावा आणि काडीने घोळावे. एकजीव झाला तर बाटली वाचली. दुधासारखा नासला किंवा रबरी गोळे धरू लागला, तर मोह आवरावा. एनॅमल असून नुसताच दाटला असेल, तर त्याला टर्पेंटाइन लागते. रॉकेल मुळीच घालू नये. त्याचा तेलकटपणा मागे राहून रंग चिकट राहतो. नेलपॉलिश काढण्याचे ॲसिटोनही नको, ते फार लवकर उडते.

झाकण निघत नसेल तर बाटली कोमट पाण्यात उभी ठेवावी. आच कधीही दाखवू नये. तळाशी बसलेला रंग तारेने खरवडून नीट ढवळावा. चंदेरी झाक असलेल्या रंगात ॲल्युमिनियमची चूर्णे तळाला जातात, ती वर आली नाहीत तर छटा जुळत नाही. मग लागेल तेवढाच रंग काचेच्या किंवा स्टीलच्या वाटीत काढावा (प्लॅस्टिकचा पेला थिनरने विरघळू शकतो) आणि थेंबाथेंबाने थिनर घालावे. काडी उचलली असता तार न निघता थेंब तुटून पडला, की थांबावे. कण राहिलेच तर जुन्या सुती पातळाच्या तलम तुकड्यातून गाळावे.

ही सारी कामे अंगणात, पोरांना दूर ठेवून करावीत. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत सरकते आणि दूरच्या ठिणगीनेही पेट घेते. तुळशीपुढील निरांजनही तेवढा वेळ विझलेले बरे.

गंज पॉलिश पेपरने घासून, पुसून, उघड्या पत्र्यावर प्रायमर लावल्याखेरीज रंगाला हात घालू नये. रंगाचे पातळ हात दोन-तीन, प्रत्येक वेळी आधीचा सुकू देऊन. एकच जाड हात दिला तर तो वरून सुकतो, आत ओला राहतो. हवा दमट असेल तर सुकताना पांढुरके सावट येते. बेळगावच्या श्रावणात हा अनुभव हटकून येईल. नव्या मोटारींच्या रंगावर वार्निशासारखा पारदर्शक थर असतो. तेथे रंग सुकल्यावर तोही द्यावा लागतो. उन्हाने विटलेल्या जुन्या पत्र्यावर ठिपका थोडा गडद दिसेल. आम्हाला त्यात उणेपण वाटत नाही.

वाटीतील उरलेला पातळ रंग बाटलीत परत ओतू नये. थिनरचा फडका चुलीजवळ न टाकता मोकळ्यावर पसरून वाळवावा. झाकणाच्या आट्यांत अडकलेला रंग मात्र तेव्हाच पुसून घ्यावा; नाहीतर पुढच्या वेळी ते पकडीनेही निघणार नाही.