भीमाकाठचा समुद्र

किनाऱ्यावरच्या माणसाला चुना समुद्राचाच ठाऊक. शिंपले भाजून केलेल्या चुन्यावर येथील जुनी घरे आणि देवळे उभी राहिली. परंतु आपल्या न्हाणीघरात जी शहाबादी फरशी बसविलेली असते तीही एका समुद्राचीच देणगी आहे, आणि तो समुद्र किनाऱ्यापासून शेकडो मैल आत, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात होता, हे किती जणांच्या ध्यानी असेल?

भीमेच्या खोऱ्यातील या खडकांना भूवैज्ञानिक 'भीमा समूह' म्हणतात. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिण महाराष्ट्र प्रदेशाच्या भूरचनेवर लिहिलेल्या १८७६ च्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. तळाशी पुरातन ग्रॅनाइटवर गोटे, वाळू व चिखल यांचे थर; त्यांवर चुनखडी. म्हणजे समुद्र प्रथम जमिनीवर चढला, आणि नद्यांचा गाळ मागे पडल्यावर उथळ पाण्यात चुना तळाशी बसू लागला. बहामा बेटांभोवती आणि इराणच्या आखातात आजही हेच चालते. लाटांची खळबळ असते तेथे चुन्याचे कण घोळून वाळू होते, पाणी निवांत असते तेथे मऊ चिखल साचतो. शहाबादचा दगड बहुतांशी या दुसऱ्या जातीचा. थराथरांमध्ये मातीचा पातळ पापुद्रा राहिला, म्हणून पाथरवटाच्या छिन्नीने त्याची सरळ लादी सुटते. तीत शंख शोधू नये. साठ कोटी वर्षांहून जुन्या त्या समुद्रात शंखशिंपल्यांचा जन्म अद्याप व्हावयाचा होता.

उत्तरेकडे हे थर दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली दिसेनासे होतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाने ते झाकले. बिदरच्या पठारावर म्हणूनच फरशी नाही. तेथे आपल्या चिऱ्याचा सख्खा भाऊ असा जांभा आहे, आणि त्यात खोदलेल्या करेझच्या भुयारांनी बहामनी राजधानीला पाणी पाजले. १९५६ साली भाषेवरून रेषा ओढताना भालकी-औरादच्या मराठी मंडळींच्या वाट्याला काय आले, हा वाद वेगळा. खडकाने ती रेषा मानलेली नाही.

सन्नती येथे सापडलेले अशोकाचे लेख आणि जवळच्या कनगनहळ्ळीचा स्तूप हे याच चुनखडीच्या प्रदेशातले. स्तूपाच्या एका शिल्पपटावर तर अशोकाची आकृती त्याच्या नावासह कोरलेली आहे. मळखेडला राष्ट्रकूटांची राजधानी होती. पुढे मुंबई-मद्रास लोहमार्ग शहाबाद-वाडीवरून गेला आणि फरशी घरोघर पोहोचली. नंतर वाडी, सेडम, मळखेड येथे सिमेंटचे कारखाने आले. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत घातली की छप्पन्न किलो चुना हाती लागतो. उरलेले चव्वेचाळीस किलो कर्बद्विप्राणिल वायू होऊन आकाशात जातात. आदिम समुद्राने जो कर्ब दगडात कोंडला, तो आम्ही धुराड्यातून मोकळा करीत आहोत.

सिमेंट नको, फरशी नको, असे आम्ही म्हणणार नाही. हजारो मजुरांची चूल त्यावर पेटते. पण दगड काढून झाल्यावर जे मागे राहते त्याची जबाबदारी कोणाची? शहाबाद-चितापूरच्या शिवारात सोडून दिलेले खड्डे आणि टाकाऊ तुकड्यांचे ढीग पडून आहेत. आम्हां गोवेकरांना हे चित्र नवे नाही. लोहखनिजाचे उत्खनन २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला थांबवावे लागले, तोवर आमचे डोळेही मिटलेलेच होते.

बंगळूरच्या लालबागेतील नीस खडक आणि उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरील पाषाणस्तंभ यांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरविले आहे. भीमेच्या चुनखडीचा मात्र एकही कडा त्या यादीत नाही. ग्रॅनाइटपासून चुनखडीपर्यंतचे थर जेथे सलग दिसतात अशी एखादी जागा, तीवर कोणाचा खाणपट्टा पडण्याआधी, कर्नाटक सरकारने व सर्वेक्षणाने राखून ठेवावी. संपलेल्या खाणी पट्टेदारांकडून बुजवून किंवा तळी म्हणून बांधून घ्याव्यात, आणि त्या खर्चाची हमी पट्टा देतानाच, रोख रकमेत, घ्यावी.