इराकमधली निवडणूक कोणी मागितली?

‘अमेरिकेने लोकशाही ताटात वाढून दिली, इराकींना ती पेलली नाही,’ असे म्हणणारे अजून भेटतात. ताटात नेमके काय वाढले होते?

सद्दाम हुसेन यांची सत्ता उलथवून इराक ताब्यात घेतल्यावर, जुलै 2003 मध्ये अमेरिकेचे तिथले प्रशासक पॉल ब्रेमर यांनी 25 जणांचे शासकीय मंडळ नेमले. 13 शिया, 5 सुन्नी अरब, 5 कुर्द, 1 तुर्कमेन, 1 असिरियन. कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस हमीद माजिद मूसा यांची गणतीही शियांच्या तेरा जणांत! मार्क्सवाद्याचाही पंथ आधी पाहिला गेला. वर मंडळाच्या निर्णयांवर नकाराधिकार ब्रेमर यांचा.

निवडणुकीचे तर विचारूच नका. नजफ शहरात अमेरिकी मरीन अधिकाऱ्यांनीच महापौरपदाची निवडणूक ठरवली होती. जून 2003 मध्ये ब्रेमर यांनी ती रद्द केली. पुढे टूम निघाली की, संसदही थेट मतदानाऐवजी प्रांतोप्रांतीच्या निवडक मंडळींच्या बैठकांतून ठरावी. आडवे आले ते नजफचेच वृद्ध धर्मगुरू अली सिस्तानी. घटना लिहिणारे लोकांनी निवडलेले हवेत, असा फतवा त्यांनी आधीच काढला होता. जानेवारी 2004 मध्ये बसरा आणि बगदादमध्ये त्यासाठी प्रचंड मोर्चे निघाले. 30 जानेवारी 2005 चे मतदान हे त्या रेट्याचे फळ. त्याचे श्रेय वॉशिंग्टनने घ्यावे, हे अंमळ जास्तच झाले.

यावर हुकमी एक्का म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतरचे जर्मनी-जपान पुढे केले जातात. जपानची घटना अमेरिकी जनरल मॅकआर्थरच्या माणसांनी लिहिली, हे खरेच. पण तिथे 1890 पासून संसद होती आणि नवी घटना राबवायला जपानी नोकरशाही जागेवर होती. जर्मनीच्या अमेरिकी विभागात जानेवारी 1946 मध्येच गावपातळीवर मतदान सुरू झाले. इराकमध्ये मात्र लष्कर बरखास्त, सद्दाम यांच्या बाथ पक्षाचे वरचे अधिकारी घरी आणि गावची निवडणूकही नको.

‘लष्कर मोडले नसते तर सगळे सुरळीत झाले असते,’ हा युक्तिवादही अपुरा आहे. मूळ खोट नेमणुकीतच होती. ज्याची नेमणूक परक्याने केली, तो परक्यालाच हिशेब देणार. लोकांपुढे उभे राहायचे तर पंथाचे गाठोडे सोबत नेणे त्याला सोयीचे. मंडळातली ती वाटणी पुढे मुहासासा म्हणून रुजली: राष्ट्राध्यक्ष कुर्द, पंतप्रधान शिया, सभापती सुन्नी, आणि मंत्रालये पक्षांची वतने. ऑक्टोबर 2019 मध्ये बगदादच्या तहरीर चौकात तरुण उतरले, ते याच वाटपाविरुद्धही. शेकडो मारले गेले, पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांना पायउतार व्हावे लागले. त्या तरुणांना कोणाचे सैन्य नको होते. आपल्याच सरकारकडून जाब हवा होता.