सवड विचारण्याची जर्मन रीत

फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. तेव्हां अकोल्याहून वाशीमच्या वाटेवर असलेल्या पातुरांतील एखाद्या घरांतही जर्मन भाषेचें पुस्तक उघडलें गेलें, तर नवल नाहीं. अशा घरांसाठीं आज चार शब्द लिहितों.

"केव्हांही या, घर आपलेंच आहे," असें आपण मनापासून म्हणतों. एकत्र कुटुंबांत कोणी ना कोणी घरीं असतेंच. जर्मनींत मात्र वैद्याकडे, कचेरींत, फार काय न्हाव्याकडे जावयाचें तरी बहुधा आधीं 'टेर्मीन', म्हणजे नेमलेली वेळ, घ्यावी लागते. "हाबेन झी आम डीन्सटाग त्साइट?" म्हणजे "मंगळवारीं आपणांस सवड आहे काय?" सोयीचें असल्यास "दास पास्ट मीर गूट", नसल्यास "डा कान इश लायडर निश्ट", आणि लगेच दुसरा दिवस सुचवावा. "बघूं, जमवूं" हें आपलें गोड उत्तर तेथील माणसास कोड्यांत टाकतें. स्पष्ट नकारांत उद्धटपणा नाहीं, हें आपल्या मुलांच्या गळीं उतरविणें व्याकरणाहून कठीण आहे!

खरा घोटाळा होतो तो अर्ध्या तासाचा. "हाल्प एल्फ" याचा शब्दशः अर्थ 'अर्धे अकरा'. ऐकणारा साडेअकरा समजतो. अर्थ मात्र साडेदहा, कारण अकरावा तास अर्धा भरलेला असतो. संस्कृत जाणणाऱ्यांस यांत परकें कांहीं वाटूं नये. आपला 'अडीच' हा 'अर्धतृतीय' या शब्दापासून आला आहे. तिसरा अर्धा, तो अडीच. जर्मन मनुष्य अडीच वाजतां "हाल्प ड्राय" म्हणतो, तें याच हिशेबानें. बाडेन-व्युर्टेम्बेर्गच्या पुष्कळ भागांत तर सव्वादोनास "फिर्टल ड्राय", म्हणजे 'पाव तीन', असेंही म्हणतात.

घरबसल्या दूरध्वनीवर मुलाखत व्हावयाची असेल, तर हा एक तास नोकरी घालवूं शकतो. म्हणून वेळ ठरतांच ती चोवीस तासांच्या हिशेबानें उलट विचारून घ्यावी: "त्सेन ऊअर ड्रायसिश?" तेथील साडेदहा म्हणजे पातुरास हिवाळ्यांत दुपारचे तीन; उन्हाळ्यांत तेथील घड्याळें एक तास पुढें करितात, म्हणून दोन. ही वेळ घरांतील सर्वांस आदल्या रात्रींच सांगून ठेवावी, म्हणजे ऐन मुलाखतींत माजघरांतून चहाची हाक यावयाची नाहीं.