निबंधाआधी मनाला जरा मोकळं सोडा



'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध तपासायला घ्या. बहुतेक वह्यांत मोर नाचतो, इंद्रधनुष्य दिसतं आणि आई गरमागरम भजी तळते. आपल्या थेरगावात पावसात नाचणारा मोर कितीजणांनी पाहिलाय? पण पवनेला पूर आला की पाणी बघायला जमलेली गर्दी, डांगे चौकात अडकलेली शाळेची व्हॅन, सेकंड शिफ्टहून भिजत आलेले बाबा हे सगळं मुलांनी पाहिलेलं असतं. वहीत मात्र ते उतरत नाही. कारण विषय सांगितला की लगेच आपण फळ्यावर मुद्दे देतो. मुलांचं मन कुठं फिरून येण्याआधीच त्याला वाट आखून देतो.

पूर्वी मनाला ही मोकळीक कामातच मिळायची. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर हात चालत असताना त्यांना गाणी सुचायची. घरच्यांनी ती उतरवून घेतली म्हणून 1952 साली त्यांचं पुस्तक आलं. मनाला त्यांनी पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली. आपल्या शेजारच्या मावळ-मुळशीतल्या आणि इतर खेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी जमवल्या. त्या एक लाखाहून जास्त भरल्या! या बायकांना मुद्दे कुणी दिले होते?

'मग मार्कांचं काय?' असं तुम्ही विचाराल. मुद्दे नकोतच, असं माझं म्हणणं नाही. फक्त क्रम बदलूया. विषय दिल्यावर दहा मिनिटं वही बंद. मुलं खिडकीबाहेर बघोत, कागदावर रेघोट्या मारोत. मग जे आठवलं ते चार-पाच शब्दांत टिपायचं. मुद्दे, परिच्छेद, शुद्धलेखन हे त्यानंतर. एकदा सवय लागली की परीक्षेत दोन मिनिटंही पुरतात.

पालकांनो, घरी मटार सोलायला किंवा कपड्यांच्या घड्या घालायला मुलांना जवळ बसवा. मोबाईल मात्र दूर ठेवा. त्यात मन फिरत नाही, दुसराच कुणीतरी त्याला फिरवतो. मूल गप्प बसलं असेल तर 'रिकामा काय बसलायस?' असं लगेच म्हणू नका. थोड्या वेळाने विचारा, 'काय आठवत होतं रे?'

तो जे सांगेल, तेच त्याला लिहायला सांगा.