नाकाची सर्जरी करायचीय, पण 'केलीय' हे कळू नये? मग आधी हे समजून घ्या

इन्स्टाग्रामवर नाकाच्या सर्जरीचं एखादं 'आधी-नंतर'चं रील थांबून पाहिलं, की पुढचे चार दिवस तसलीच रील्स समोर येत राहतात. पंधरा सेकंदांत नाकावरचा उंचवटा गायब आणि शेंडा रेखीव. पाहणारा लातूर जिल्ह्यातल्या औशात असो की पुण्यातल्या औंधात, रील तेच. सर्जरीचं गणित मात्र दोघांसाठी वेगळं आहे.

या शस्त्रक्रियेला राइनोप्लास्टी म्हणतात. ती करू पाहणाऱ्या बहुतेकांना 'नॅचरल' नाक हवं असतं. ते मिळणार की नाही, हे बरंचसं ऑपरेशनच्या आधीच ठरतं.

सेल्फीवर विश्वास ठेवू नका

आपलं नाक मोठं आहे, हे अनेकदा फोन ठरवतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये गणिती मॉडेल वापरून दाखवलं, की साधारण एक फुटावरून घेतलेल्या सेल्फीत नाक प्रत्यक्षापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. पाच फुटांवरून फोटो काढला तर ही फसगत जवळपास उरत नाही. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्याआधी दुसऱ्या कुणाकडून, लांबून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्यावेत. काहींचा विचार तिथेच बदलू शकतो.

आपल्याकडे 'नाकीडोळी नीटस' म्हणतात, नुसतं 'नाकी नीटस' कुणी म्हणत नाही. सर्जनही नाक एकटं पाहत नाही. हनुवटी आत असेल तर ठीकठाक नाकही पुढे आल्यासारखं वाटतं. शिवाय त्वचेचा प्रश्न असतो. अनेक भारतीयांच्या नाकाच्या शेंड्याकडची त्वचा जाड असते. आतलं हाड आणि कूर्चा कितीही कोरली, तरी जाड त्वचा पातळ कापडासारखी त्यावर चपखल बसत नाही. जास्त कापलं तर शेंडा चिमटल्यासारखा दिसतो, मधला भाग खचतो आणि श्वासही अडू शकतो. म्हणून अशा नाकात कापण्यापेक्षा आधार देण्यावर भर असतो. त्यासाठी नाकाच्या पडद्याची, कानाची किंवा बरगडीची कूर्चा वापरतात. अमुक नटीसारखं नाक मागण्यापेक्षा 'माझ्या नाकात नेमकं काय खुपतं' हे एका वाक्यात सांगता येणं जास्त कामाचं.

मोजून मग कापणं ही कल्पना नवी नाही, आणि तिचा एक गाजलेला दाखला पुण्याजवळचाच आहे. टिपू सुलतानाच्या सैन्यानं इंग्रजांच्या सेवेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं होतं. त्याला एका स्थानिक वैदूनं नवं नाक बसवलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार ठरवला, मग तो कपाळावर सपाट ठेवून रेघ मारली आणि तेवढीच त्वचा खाली वळवली. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये हे छापून आलं आणि पुढे युरोपातल्या सर्जननी ही पद्धत उचलली. आज मेणाच्या जागी कॉम्प्युटर आहे. स्क्रीनवर दिसणारं नवं नाक हा अंदाज असतो, हमी नव्हे.

लग्नाची तारीख आणि लातूर रोड

घोळ होतो तो इथे. लग्न ठरलं, दोन महिने हातात आहेत, 'तेवढ्यात नाक करून घेऊ' असा विचार घरात होतो. नाकावरची पट्टी साधारण आठवड्यात निघते, डोळ्यांखालचे काळे-निळे डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. पण शेंड्याची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, जाड त्वचेत त्याहून जास्त. चष्मा काही आठवडे नाकावर टेकवता येत नाही. चमकी ऑपरेशनआधी काढावी लागते. नथ पुन्हा कधी घालायची, हे सर्जनला विचारूनच ठरवायचं. दोन महिन्यांवरच्या लग्नात दिसणारं नाक अंतिम नसतंच.

औशाहून लातूर विसेक किलोमीटर, पुणे तीनशेहून जास्त. सर्जरीनंतर वर्षभर तपासणीसाठी जावं लागतं, आणि अचानक रक्त येऊ लागलं किंवा ताप भरला तर रात्रीतून पोहोचावं लागतं. पॅकेजमध्ये या फेऱ्या, मुक्काम, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी किंवा रजा काही धरलेलं नसतं. स्वस्त म्हणून लांबचं शहर निवडणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

पैशाचं आणखी एक. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या सर्जरीला आरोग्य विमा लागू होत नाही आणि तिच्यावर जीएसटी लागतो. पडदा वाकडा असल्यानं श्वासाचा त्रास असेल, किंवा अपघातानंतरची दुरुस्ती असेल, तर प्रकरण वेगळं. विमा कंपनीला आधी लेखी विचारावं.

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी, किंवा राइनोप्लास्टीचं प्रशिक्षण घेतलेला ईएनटी सर्जन, एवढं तरी पाहावं. 'कापाकापी नको, इंजेक्शननं नाक सरळ' या जाहिरातींपासून सावध राहावं. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. पार्लरमध्ये तर हे करूच नये.

चांगल्या सर्जनच्या हातूनही काही नाकांना दुसरी सर्जरी लागते, तीही बहुतेकदा वर्षभर थांबून. तिचा खर्च कोण करणार, हे पहिल्या भेटीतच विचारावं आणि कागदावर घ्यावं.